वरनं टाकलेलं घ्याचं न्हाई

सुभद्रामावशीच्या दारात कुणीही गेलं, तरी "ये, बस" म्हणायच्या आधी ती त्याच्या कपड्याला हात घालायची. बाईच्या पोलक्याची बाही, मुलीच्या फ्रॉकचा घेर, पुरुषाच्या सदऱ्याचं टोक, जे हाताशी येईल ते उलटं करायची आणि आतली शिवण बघायची. एकदा पोस्टमन मनीऑर्डरीवर अंगठा घ्यायला आला, तर तिने त्याच्या खाकी सदऱ्याची कड उलटली आणि म्हणाली, "सरकारनं शिवलंय व्हय? दोन म्हयन्यांत उसवंल." तो बिचारा हसावं की रागवावं अशा चेहऱ्याने उभा. तिचं म्हणणं एकच होतं, "वरनं समदंच चांगलं दिसतं. आतनं बघावं."

ती माझी सख्खी मावशी नव्हती. चिंचवड स्टेशनाजवळ, रुळांच्या पलीकडे आमची पत्र्याची चाळ होती आणि तिची खोली आमच्या भिंतीला लागून. ती चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवरा कंपनीत हमाली करायचा, तो लवकर गेला. मागे ती आणि मुलगा प्रकाश. तिच्याकडे एक जुनं पायमशीन होतं आणि ते ती नव्या कापडावर जवळजवळ कधी चालवत नसे. देहूरोडच्या बाजारात लष्कराने मोडीत काढलेले तंबू आणि कोट विकायला यायचे, ते ती पारखून आणायची. कामगारांचे कोपरावर आणि गुडघ्यावर विरलेले निळे डगले घ्यायची. पाठीचं कापड शाबूत असतं, हे तिला ठाऊक होतं. रेशन दुकानातून अमेरिकन गव्हाची रिकामी पोती घ्यायची. त्या पोत्यांचं कापड मांजरपाटासारखं घट्ट असे आणि त्यावर एकमेकांत मिळवलेल्या दोन हातांचं चित्र छापलेलं असे. आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्यांवर ते हात होते.

पण ती जे आणायची ते विकत आणायची. कुणी शेजारणीने जुनं लुगडं दिलं, तर त्याच लुगड्यातून तिला एक पिशवी नाहीतर पोराला झबलं शिवून द्यायची, मगच उरलेलं कापड आपलं मानायची. फुकट म्हणून तिने एक चिंधी घेतली नाही. यामागे काय होतं ते मला आईने सांगितलं. मावशी लहान असताना गावात आमच्या लोकांना कपडे हातात देत नसत. जोत्यावरून खाली टाकत. मयताच्या अंगावरचंही टाकत आणि ते उचलून, नेसून वर उपकार मानावे लागत. मावशीच्या आईने आयुष्यभर तसलीच लुगडी नेसली. पुढे बाबासाहेबांच्या मागे सगळ्यांनी धर्म बदलला, तेव्हा मावशीने मनाशी एक नेम केला. तो ती आम्हा पोरींना पाढ्यासारखा ऐकवायची, "वरनं टाकलेलं घ्याचं न्हाई. हातातनं हातात आलेलं घ्याचं."

हा नेम तिने पाळलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका साहेबांच्या बंगल्यावर ती पडदे शिवून द्यायला गेली होती, मी सोबत होते. आम्ही फाटकाशी पोचलो, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून बाईसाहेबांनी हाक मारली, "अगं ए, थांब! हे घेऊन जा!" आणि एक गाठोडं धप्पकन आमच्या पायाशी येऊन पडलं. गाठ सुटली. आत चांगल्या साड्या होत्या, एक तर रेशमी. मी वाकणार तोच मावशीने माझं मनगट धरलं. मग स्वतः खाली बसली, एकेक साडी झटकली, घडी घातली, पुन्हा गाठोडं बांधलं आणि जिना चढून वर गेली. बाईसाहेबांच्या हातात ते ठेवून म्हणाली, "तुमचं खाली पडलं हुतं."

"अगं, तुलाच दिलंय ते," बाईसाहेब म्हणाल्या.

"दिलं न्हाई. टाकलं."

त्या बंगल्याचं काम गेलं. आई तिच्यावर चिडली, "एवढा ताठा परवडतो का आपल्याला?" मावशी मशीनला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ताठाच तेवढा फुकट हाय, त्यो बी सोडू?"

आता ज्या गोष्टीने आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, ती सांगते. मी चौथी पास होऊन हायस्कूलच्या पाचवीत गेले. गडद निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज असा गणवेश होता. नेमकं त्याच वर्षी बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. चार महिने घरात पगार नव्हता. गणवेशाचं नाव काढलं की आई भाकरी जोरजोरात थापायला लागायची. मावशीने ते भिंतीपलीकडून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ती माप घ्यायला आली.

स्कर्ट तिने कामगारांच्या दोन निळ्या डगल्यांतून काढला. तेलाचे डाग चुन्याच्या निवळीत भिजवून घालवले, सांधे चुण्यांच्या आत लपवले. ब्लाऊज गव्हाच्या पोत्याचा. छापलेली बाजू आत घेतली, तीन वेळा उकळून उन्हात टाकलं. पाठीवर त्या हातांची फिकट सावली तेवढी राहिली. मी घालून उभी राहिले, तर तिने सवयीने कड उलटली आणि आतली शिवण मलाच दाखवली. "बघ. एक दोरा लोंबत न्हाई. मान वर करून जा."

मी मान वर करूनच गेले. सकाळची प्रार्थना चालू होती. आमच्या वर्गाच्या बाई रांगेतून फिरत माझ्या मागे आल्या आणि थांबल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला दंडाला धरून सगळ्यांसमोर ओढलं, पाठमोरी उभी केली आणि म्हणाल्या, "हे काय? पोतं घालून आलीस?" चारशे पोरं हसली. बाई एवढ्यावर थांबत्या तरी मी विसरले असते. पण त्या पुढे म्हणाल्या, "सरकार तुम्हाला फी माफ करतं, पुस्तकं देतं. अंगावर धड कपडा घालायला काय होतं तुम्हा लोकांना?" तुम्हा लोकांना! मी दहा वर्षांची होते, पण ते 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोण, हे मला आणि चारशे पोरांना व्यवस्थित कळलं. मला घरी पाठवलं. ठरलेल्या दुकानातला गणवेश घेतल्याशिवाय यायचं नाही, असा निरोप बरोबर होता.

मी रडत रडत सगळं सांगितलं. आईने डोळ्याला पदर लावला. मावशी ऐकत राहिली. मग फक्त एवढंच विचारलं, "शिवणीला नाव ठेवलं का?"

"नाही."

"मंग त्यांनी कापडाला न्हाई, आपल्याला नाव ठेवलंय. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी मला तोच गणवेश घालायला लावून ती शाळेत घेऊन गेली. स्वतः ठिगळाचं पण परीटघडीचं लुगडं नेसली होती. मुख्याध्यापकांनी बसा म्हटलं नाही. ती उभ्यानेच बोलली.

"हिला काल का घालवली?"

"गणवेश नव्हता म्हणून," मुख्याध्यापक म्हणाले.

"मंग ह्ये काय हाय?"

"बाई, गणवेश ठरलेल्या दुकानातून घ्यायचा असतो."

"नेमात रंग लिवलाय का दुकान लिवलंय?"

मुख्याध्यापक जरा अडखळले. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने कपाटातून शाळेच्या नियमांचा कागद काढला. मावशीने तो घेऊन माझ्या हातात दिला. "मला वाचता येत न्हाई. तू वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. गडद निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. एवढंच होतं.

"दुकानाचं नाव कुटं हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे, बसू दे तिला वर्गात," मुख्याध्यापक कागद परत घेत म्हणाले. त्यांच्या मते विषय संपला होता. मावशी जागची हलली नाही.

"आता त्या बाईंना बोलवा. ज्या जागी बोलल्या त्याच जागी त्यांनी म्हनावं, चुकलं म्हनून."

"शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागायची? असं कुठे असतं?"

"ज्याचं चुकलं त्यानं मागायची. त्येला काय शाळा शिकाया लागती?"

त्या खोलीत तीन शिकलेली माणसं होती. मुख्याध्यापक, कारकून आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आमच्या बाई. मुख्याध्यापकांनी कागद कारकुनाकडे दिला, कारकुनाने तो कपाटात ठेवला, बाई वर्गाकडे वळल्या. माफी मिळाली नाही. वर्षभर त्या बाई हजेरीत माझं नाव घेण्यापलीकडे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझी वही त्या शेवटी तपासायच्या आणि टेबलाच्या कडेला सरकवून द्यायच्या. ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. निम्म्या लोकांनी मला विचारलं, "अगं, पण गणवेश पोत्याचाच होता ना?" तेव्हा त्यांचंही थोबाड फोडावंसं वाटतं.

पण रागच काढायचा, तर थोडा माझ्यावरही काढला पाहिजे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी शाळेच्या नळावर पाणी पीत होती. वर्गातल्या दोन मुलींनी मला विचारलं, "ती कोण गं? तुझी आजी?" मी तिच्या ठिगळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "छे, आमच्या चाळीतली एक बाई आहे." नळ चार पावलांवर होता. मावशीने तोंड पुसलं आणि निघून गेली. संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन घुटमळले, तर तिने नेहमीसारखी माझ्या फ्रॉकची कड धरून मला आत ओढलं. म्हणाली, "खोटं न्हाई बोललीस तू. चाळीतलीच हाय म्या." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी कधीतरी विसरले असते.

त्या दिवाळीनंतर आमच्या आणि शेजारच्या चाळीतल्या सात मुली मावशीने शिवलेले स्कर्ट घालून शाळेत गेल्या. कुणाला घरी पाठवलं गेलं नाही. कंपनीचं टाळं निघालं, बाबांचा पगार सुरू झाला, तरी मी दहावीपर्यंत तिच्याच हातचा स्कर्ट घातला.

पुढे प्रकाशदादा शिकून एका कंपनीत सुपरवायझर झाला. निगडीला ब्लॉक घेतला, लग्न केलं आणि आईला घेऊन गेला. चाळीला आनंदच झाला. जाताना मशीनही नेलं. सहा महिन्यांनी मी भेटायला गेले, तर मावशी सोफ्याच्या कडेला, अंग चोरून बसलेली. मशीन दिसेना. प्रकाशदादा म्हणाला, "भंगारात दिलं. आता काय गरज आहे? साहेब लोक घरी येतात, चिंध्यांचा पसारा बरा दिसत नाही." तो चहा आणायला आत गेला, तशी मावशीने सोफ्याच्या कव्हराची कड उलटून मला दाखवली. आत नुसते दोरे लोंबत होते. हळूच म्हणाली, "हितं मला उसवाया बी काय गावना गं."

आठवडाभरात ती एकटीच बसने परत आली. चाळीच्या टोकाची रिकामी खोली तिने भाड्याने घेतली आणि हाताने शिवायला लागली. साठी उलटलेली, दम्याने छाती भरलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चाळीतल्या चार बाया दुपारी तिच्याकडे शिकायला बसायच्या. जुन्या धोतराची दुपटी, तंबूच्या कापडाच्या दप्तरपिशव्या, लष्करी कोटाच्या अस्तराची पोलकी. कुणाचा टाका वाकडा गेला की ती तो पुरा उसवायला लावायची. "लोक म्हनत्यात गरिबाला काय बी चालतं. कुनी सांगितलं? गरिबाला फाटकं चालत न्हाई. त्येला दुसरं नसतं."

असं तिचं दोन वर्षं चाललं. एका हिवाळ्यात दमा बळावला आणि ती गेली. मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बुद्धवंदना झाली, सगळं रीतसर पार पडलं. पुढच्या रविवारी प्रकाशदादा खोली रिकामी करायला आला. आम्ही मदतीला होतो, मी आणि त्या चौघी बाया. भांडी निघाली, अंथरूण निघालं. खाटेखाली एक पत्र्याची मोठी ट्रंक होती. उघडली तर आत कापडाचे तुकडे, रंगानुसार लावलेले, प्रत्येक गठ्ठा दोऱ्याने बांधलेला. काही तुकडे आधीच बेतून ठेवलेले होते. एका लहान मुलीचा स्कर्ट तर नुसता शिवायचा बाकी होता.

प्रकाशदादाने वरवर पाहिलं आणि झाकण लावलं. "ह्या चिंध्या मागे नेऊन जाळून टाका," तो म्हणाला.

मी तोपर्यंत आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. शाळेत नाही, घरात नाही. त्या दिवशी ओरडले. "हात लावू नकोस! तुझी कॉलेजची पँट कशाची होती? लग्नात घातलेल्या कोटाचं अस्तर कुणाच्या हातचं होतं? चिंध्या म्हणतोस? तू ह्या चिंध्यांवर सुपरवायझर झालास! जिवंतपणी तिचं मशीन विकलंस, आता हेही जाळ!"

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर चाळ जमली होती. "शालू, हळू बोल," तो म्हणाला. "लोक ऐकतायत."

"ऐकू दे!" मी म्हटलं. आणि आम्ही पाचजणींनी ती ट्रंक आमच्या खोलीत न्यायला दोन्ही बाजूंनी उचलली.