जसा नेतो तसा आणून देतो

विहीर जसजशी खाली जाते तसतसा काठावरचा ढिगारा वाढत जातो. आमच्या टोळीच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मंठ्याच्या स्टँडवर चहाला दोघं भेटलो की एक किस्सा निघतो, तिसरा आला की मंग चहा थंडच होतो. त्यातले निम्मे कचरूमामांचे.

मामा आमच्या विहीर खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर माझा. खडकाला होल मारायचे, त्यात दारू भरायची अन् बॅटरीला वायर लावून बार उडवायचा, हे माझं काम. पंच्याऐंशीनंतर काही वर्षं मी त्यांच्यासोबत हिंडलो.

नवा गडी घ्यायचा तर मामा आधी त्याच्या घरी जात. त्याच्या आईला समोर बसवून म्हणत, “जसा नेतो तसा आणून देतो. हात, पाय, डोळे, सगळं बघून घ्या.” आमच्या धंद्यात असं वचन कोणी देत न्हाई. लोक हसायचे. मला मात्र धडकी भरायची, कारण बार मी उडवायचो.

*

खालचा मलबा अन् माणसं वर ओढणारी यारी, म्हणजे इंजिनवरची क्रेन, भाड्याची असायची. एकदा यारीवाल्यानं असा दोर आणला की त्याच्या तारा जागोजागी तुटून वर आल्त्या.

“बिलकुल पक्का दोर हाय मामा, दोन विहिरी आरामात निघतील.”

मामांनी दोरावरून हात फिरवला. वाद घातला न्हाई. बकेट काठाला लावली, आतली माती झटकली अन् म्हणाले, “बसा मंग. तुमीच पहिले.”

यारीवाल्यानं खाली वाकून बघितलं. मंग म्हणाला, “मी जरा जालन्याला जाऊन येतो.”

दुपारी नवा दोर घेऊनच आला.

*

एका ठेकेदारानं आम्हाला पिवळी हेल्मेटं दिल्ती. घालायची सगळ्यांना लाज. एकानं त्यात कांदे ठेवले, एकानं कोंबडी अंड्यावर बसवली.

मामांची बायको, कौसामामी, काठावर मलबा उपसायला असायची. तिनं एक दिवस रिकाम्या विहिरीत मातीचं मडकं सोडलं अन् वरून लिंबाएवढा खडा टाकला. मडक्याचे तुकडे झाले. मंग दुसरं मडकं सोडलं, त्यावर हेल्मेट पालथं घातलं अन् तसलाच खडा टाकला. मडकं साबूत.

मामी पदर खोचत म्हणाली, “ज्याचं टकुरं मडक्यापेक्षा पक्कं असंल त्यानं खुशाल तसंच उतरावं.”

कोंबडीला त्याच दिवशी दुसरी जागा बघावी लागली.

*

हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो. विहिरीतलं पाणी उपसायला एका शेतकऱ्यानं आम्हाला न विचारता डिझेल इंजिन आत सोडलं. धूर आतच कोंडला. आमचा रफिक बघायला उतरला अन् खाली गेल्याबरोबर आडवा झाला. ते बघून त्याचा भाऊ उडी टाकायला धावला. मामांनी त्याला पाडलं अन् त्याच्या छातीवर बसले.

“सोडा मामा, भाऊ हाय माझा!”

“म्हणून तर बसलोय. तुमच्या अम्मीला दोघं परत द्यायचेत.”

छातीवर बसल्या बसल्याच मामा हुकूम देत होते. कोणी कडुलिंबाच्या फांद्यांचे मोठे डगळे दोराला बांधून विहिरीत खालीवर सपासप फिरवले, कोणी वरून पाणी मारलं. बरीच हवा फिरल्यावर मामा स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. रफिकला वर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले अन् पहिला शब्द काढला, “मामा, बिडी हाय का?”

मामांनी आधी त्याच्या कानाखाली दिली, अन् मंग बिडी.

त्यानंतर गावात लोक म्हणायला लागले की मामांना राजूरचा गणपती पावलाय. मामा म्हणायचे, “पावला हाय, त्यात शंका न्हाई. पण दोर मीच बघत असतो.”

*

राजूरकडच्याच एका मळ्यात आमचं काम चालू होतं. मालकाला घाई होती; आधीची विहीर कोरडी गेल्ती.

आमच्यात एक रीत होती. ओल्या खडकावर पाय घसरू नये म्हणून सगळे अनवाणी उतरायचे अन् चपला काठावर काढून ठेवायचे. वर आलं की आपापली घालायची. काठावर एक जरी चप्पल दिसली तरी बार उडवायचा न्हाई.

त्या दिवशी होल भरून सगळे वर आले. कोणी बैलं लांब नेली, कोणी रस्ता अडवायला गेलं. मी बाभळीमागं ट्रॅक्टरपाशी वायर धरून बसलो. मालक शेजारीच. मामा शेवटचं बघायला काठावर गेले अन् तिथूनच त्यांनी हात वर केला.

“चप्पल हाय.”

मालक वैतागला. “तुमची सगळी मानसं वर हायेत ना? मंग द्या उडवून.”

“माझी हायेत. ही कुनाची? खाली अंधारात काही दिसंना.”

मामा परत आले. “बॅटरी काढ अन् तिच्यावर बस. मी सांगितल्याबिगर उठू नको.” मी बसलो.

मालक तणतणत काठापर्यंत गेला. टायरच्या तळाची ती जुनी चप्पल बघितली अन् मटकन खालीच बसला. “दादा,” एवढंच बोलला. दादा म्हणजे त्याचे वडील. कानानं पार बहिरे. आम्ही बैलं हाकत होतो तेवढ्यात पलीकडच्या पायट्यांनी, खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी, ते खाली उतरले होते.

खाली भरलेले होल, त्यातून निघालेल्या वायरी, अन् त्यात एक म्हातारा माणूस. मामा बकेटीत उभे राहिले अन् यारीवाल्याला म्हणाले, “हळू.”

किती वेळ गेला सांगता येत न्हाई. बकेट वर आली तेव्हा मामांच्या कवेत दादा होते. मालकानं दोन्ही हातांनी वडिलांना उतरवून घेतलं. मामांनी दादांचे हात चाचपले, पाय चाचपले, अन् चप्पल त्यांच्यापुढं सरकवली.

दादा आमच्याकडं बघून हसले.

“खालचा दगड गार लागून राह्यलाय, पाणी जवळच हाय,” ते म्हणाले. “उडवा आता.”