विहिरीतून थेट कॅरिबियनमध्ये

बोट पाहिल्याबरोबर ओवीचे बाबा म्हणाले, "हिले छप्पर कुठं आहे?"

छप्पर होतं हो, पण आपल्या पानठेल्यावर ताडपत्री असते तेवढं. बाकी सगळी बोट उघडी, पांढरीशुभ्र, मधोमध उंचच उंच डोलकाठी, आणि खाली पाणी इतकं निळं की मला वाटलं कोणी नीळ कालवून ठेवली. सेंट व्हिन्सेंट बेटाच्या धक्क्यावर आम्ही पाच जण उभे होतो: मी, ओवीचे बाबा, बारा वर्षांची ओवी, सहा वर्षांचा चिनू आणि टोरांटोहून आलेला माझा धाकटा भाऊ नितीन. सौंसरहून नागपूर, मग मुंबई, लंडन, बार्बाडोस, आणि शेवटी एक एवढंसं विमान, ज्यात मला वैमानिकाची मान दिसत होती. पाय सुजले होते, डोळे चुरचुरत होते, आणि तरी मी लहान पोरीसारखी हसत होते. मी शाळेत भूगोल शिकवते. व्यापारी वारे मी आजवर फळ्यावर खडूने काढले. इथे ते माझ्या पदराला धरून ओढत होते!

हा सगळा उद्योग नितीनचा. लग्नाचा विषय काढला की याचा फोन कटतो, पण भाचरांसाठी वाट्टेल ते करेल. एक दिवस म्हणाला, "ताई, आठवडाभरासाठी शिडाची बोट भाड्यानं घेऊन राहिलो, कप्तानासकट. तुम्ही फक्त या." सोबत एक व्हिडिओ पाठवला. टोबॅगो केज नावाची निर्मनुष्य बेटं, काचेसारखं पाणी आणि त्यात पोहणारी ही मोठ्ठी कासवं. ओवीनं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की माझ्या फोननं मान टाकली. "मले त्याइच्या बाजूनं पोहायचं आहे," तिनं जाहीर केलं.

पोहायचं! आमच्याकडे मे महिन्यात नदीत घोटाभर पाणी नसतं. मग तिच्या बाबांनी बोरगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत तिला उतरवलं. पाठीला रिकामी कॅन बांधली, कमरेला दोर, आणि स्वतः पाण्यात तिच्यासमोर. पोरगी नाकातोंडात पाणी जाऊन रडली, दुसऱ्या दिवशी परत गेली. हिवाळ्यात ओठ निळे करून यायची. कॅन सुटली, मग दोरही सुटला. वर्षभर तिच्या तोंडी एकच, कासवं. मला मनातून धाकधूक होती. ती कासवं दिसलीच नाहीत तर या पोरीचं काय करायचं?

बोटीवर चढल्यावर कप्तान डेस्मंडनं सूचना दिल्या. साठीचा माणूस, आवाज ढोलासारखा, हसला की सगळी बोट हसते. मुलांनी लाइफ जॅकेट काढायचं नाही. चालत्या बोटीत एक हात कायम कशाला तरी धरलेला. आणि पाणी जपून वापरा, टाकीत आहे तेवढंच, पुढच्या बेटांवर जागोजागी नळ नाही. मी सगळं मराठीत सांगितलं. ओवीच्या बाबांना बाकीच्या सूचनांचं काही वाटलं नाही, पण पाण्याची त्यांना मनापासून पटली. "बराबर बोलून राहिला माणूस," ते म्हणाले, आणि गंभीर चेहऱ्यानं आत गेले.

डेस्मंडनं इंजिन बंद केलं, शीड वर गेलं, फटकन फुगलं आणि बोट एका अंगावर कलली. माय वो! मी ओरडले, चिनू ओरडला, ओवी हात वर करून किंचाळली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, फक्त पाण्याची सळसळ आणि दोरांची करकर. तोंडावर खारे शिंतोडे. चिनू दर लाटेला "अजून एक!" म्हणून आरोळी ठोकत होता. ओवीला डेस्मंडनं चाक धरायला दिलं, तेव्हा ती अशी ताठ उभी राहिली की जणू जहाजावरच जन्मली.

ओवीच्या बाबांचे मात्र हाल झाले. पोटातलं सगळं समुद्राला देऊन ते पुढच्या खोलीत आडवे झाले. त्या खोलीला जोडून एक इवलीशी न्हाणी होती. तिथून अधूनमधून पंपाची घरघर यायची. बिचारे उलटीनंतर तोंड धूत असतील, असं समजून आम्ही दार वाजवलं नाही.

पहिला मुक्काम बेक्वे बेट. जमिनीवर पाय टेकताच ओवीच्या बाबांच्या जिवात जीव आला आणि ते सरळ फळबाजारात घुसले. तिथली संत्री हिरवी! त्यांनी एक दाबलं, हुंगलं, नखानं साल उकरली आणि निकाल दिला, "हे संत्रं नाही. मोसंबीची मावशी आहे." तरी चार खाल्ली, आणि बिया धुऊन खिशात टाकल्या, त्या नितीननं मागाहून गुपचूप काढून फेकल्या. विमानतळावर कोण बोलणी खाणार?

बाजाराच्या टोकाला एक बाई गरम काहीतरी विकत होती. पाटीवर चक्क 'रोटी'. पातळ पोळीत बटाटा-चण्याची रस्सा भाजी गुंडाळलेली. मी विचारलं, "तुम्हीही रोटीच म्हणता?"

"मग काय म्हणणार?" ती म्हणाली. "माझ्या आजीची आजी हे शिकून इंडियातून जहाजानं उसाच्या मळ्यावर आली. तुम्ही इंडियाच्या का? कुठल्या गावच्या?"

"सौंसर."

"आमचं गाव कोणतं ते कोणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि चिनूच्या हातात एक जास्तीची रोटी ठेवली. मी तिला पिशवीतली सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) दिली. तिनं तिथेच उभ्यानं खाल्ली आणि बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी एक कोळी होडी बोटीला लावून ताजे मासे देऊन गेला. मी आपलं तिखट घालून रस्सा केला, वर मिरचीचा ठेचा. डेस्मंडला जरा मजा दाखवावी म्हटलं. त्यानं ठेचा पोळीला लावून निवांत खाल्ला आणि आपल्या कपाटातून पिवळ्या मिरचीच्या चटणीची बाटली काढली. मी चांगला चमचाभर घेतला. अरे बाप्पा! कानांतून वाफ निघाली. सौंसरची बाई तिखटाला हरली, हे नितीन आता जन्मभर सांगत फिरणार.

तिसऱ्या दिवशी दुपार उतरताना टोबॅगो केज आले. घोड्याच्या नालासारखी प्रवाळाची भिंत, तिच्या आत पोपटी, फिरोजी, पांढरं पाणी, आणि पाच चिमुकली बेटं, एकावरही घर नाही. भिंतीपलीकडे थेट आफ्रिका! मी सगळ्यांना तीनदा सांगितलं, भिंतीपलीकडे थेट आफ्रिका, शेवटी चिनू म्हणाला, "मम्मी, समजलं." तेवढ्यात दूर पाण्यावर एक काळपट डोकं आलं, फूस करून श्वास घेतला आणि गेलं. ओवीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आता ऊन उतरलं," डेस्मंड म्हणाला. "उद्याचा पूर्ण दिवस कासवांचा."

आणि मग ते झालं. चिनूला साबण लावून मी मागच्या न्हाणीत उभं केलं होतं. पंप कोरडा घरघरला आणि चिनू ओरडला, "मम्मी, नळ गेला!"

डेस्मंड धावत खाली आला, टाकीचा काटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. सहा दिवसांचं पाणी तिसऱ्या दिवशी खल्लास. गळती शोधू लागला. तेव्हा ओवीचे बाबा पुढच्या खोलीतून बाहेर आले, चेहरा असा उजळलेला की विचारू नका.

"म्हटलं होतं ना, नळ जाईन म्हणून? या, पाहा!"

त्यांनी तिथल्या न्हाणीचं दार उघडलं. आत दोन बादल्या, उरलेली पातेली, रिकाम्या बाटल्या, बर्फाची पेटी, एवढंच काय चिनूचं वाळूत खेळायचं डबडं, सगळं काठोकाठ भरलेलं आणि वरून झाकलेलं. एक थेंब सांडू नये म्हणून मधे टॉवेल कोंबलेले.

"हे कधी भरलं?" डेस्मंडनं विचारलं. मी मराठीत विचारलं.

"रोज सकाळी! शिळं फेकतो, ताजं भरतो."

आता हे सौंसरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो. आला की भांडंन् भांडं भरायचं, आणि पुढच्या वेळी आदलं शिळं पाणी ओतून पुन्हा भरायचं. आमच्या घरी हे खातं यांचंच. जपून वापरा म्हणजे भरून ठेवा, त्यांच्यासाठी याचा दुसरा अर्थच नाही. दोन सकाळी त्यांनी टाकीतलं गोडं पाणी मोरीतून समुद्राला पाजलं होतं, तेही उलट्या थांबवून, कर्तव्य म्हणून.

मी हे डेस्मंडला कसंबसं सांगितलं. नितीन तोंड फिरवून हसत होता. पण डेस्मंड हसला नाही. "पहाटेच युनियन बेटावर पाणी भरायला जावं लागेल. उद्या दुपारपासून वारा वाढतोय. या भिंतीत परत शिरता येणार नाही."

"म्हणजे कासवं?" ओवीनं विचारलं.

नितीनचं हसू थांबलं. ओवीनं बाबांकडे पाहिलं. "वर्षभर, बाबा," एवढंच म्हणाली, आणि वर जाऊन बोटीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसली. यांचा चेहरा पाहवेना. मला राग आला होता, मी दोन शब्द सुनावणारही होते, पण त्या माणसानं एक पातेलं उचललं, परत ठेवलं, आणि काय करावं न कळून त्यावरचं झाकण सरळ करत राहिला.

शेवटी नितीननं डेस्मंडशी बोलणी केली. भरलेली भांडी होतीच की! पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं तेवढं पाणी पुरे. अंघोळ समुद्रात, भांडी समुद्रात. डेस्मंडनं ओवीच्या पाठीकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. "सकाळची वेळ देतो. वारा वळला की मी शीड उभारणार, मग कासव बोलत असलं तरी थांबणार नाही."

सकाळी ओवी सगळ्यांच्या आधी तयार. डोळ्यांना पोहायचा चष्मा, तोंडात नळी. शिडीवर गेली, आणि थांबली. पाणी इतकं स्वच्छ की खोलवरची वाळू, तिथलं गवत, आमच्या बोटीची सावली, सगळं दिसत होतं. ती एक पायरी उतरली आणि परत वर आली.

"काय झालं, बेटा?" मी विचारलं.

"काठच नाही," ती म्हणाली. "विहिरीत कुठूनही हात मारला तं भिंत लागते. इथं काहीच नाही."

नितीन पाण्यात उतरून हाका मारू लागला. डेस्मंडनं दोर बांधलेलं रबरी कडं टाकलं. ती मान हलवत राहिली आणि डोळ्यांतून पाणी. भिंतीपलीकडे ढग चढत होते. वर्षभर विहिरीत पोहलेली पोरगी शेवटच्या पायरीवर अडकली होती.

इथे सांगायला हवं, की ओवीचे बाबा विहिरीत मासा असले तरी समुद्रात पाय बुडवायलाही तयार नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "विहीर उपसताना तळ पाहिला आहे मी. याचा तळ कोणाच्या ओळखीचा?" ते आता माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. रात्रभर झोपले नव्हते. बनियन, हाफ पँट, लाइफ जॅकेट नाही. कठड्याच्या दोरीला धरलेले त्यांचे हात मला दिसत होते.

"अहो, काय करून राहिले?" मी म्हटलं.

त्यांनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि उडी मारली. धप्पकन आवाज झाला, आमच्या सगळ्यांच्या अंगावर पाणी. ते खाली गेले. वर येईनात. मी किंचाळणार तेवढ्यात डोकं वर आलं, तोंडातून पाण्याची चूळ उडवत.

"खारट आहे बे!" ते ओरडले. "ओवे! इथं तं बुडतो म्हटलं तरी बुडता नाही येत! ये, मी आहो ना!"

ओवी रडता रडता हसली आणि तिनं शिडी सोडली. सरळ बाबांच्या अंगावर.

मला पोहता येत नाही. मी शिडीला एका हातानं धरून, डेस्मंडचा चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं, आणि देवा शपथ, मी ते दृश्य मरेपर्यंत विसरणार नाही. खाली एक थोरलं कासव निवांत गवत चरत होतं, बांधावर म्हैस चरते तसं, मान हलवून एकेक घास तोडत. मग दुसरं, तिसरं. एक वर निघालं, ओवीच्या हाताला लागेल एवढं जवळून, तिच्याबरोबरीनं पंखासारखे पाय हलवत वर आलं, श्वास घेतला, परत खाली. ओवी त्याच्या शेजारून पोहत होती, अगदी म्हणाली होती तशी. आणि तिच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या बनियनमधले तिचे बाबा, चष्मा नाही, डोळे घट्ट मिटलेले. त्यांना एकही कासव दिसलं नाही.

वारा वळला आणि डेस्मंडनं हाक मारली. पुढचे दिवस युनियन बेट, परतीचा प्रवास, पाऊस, सगळं मजेचं होतं, पण आमचं फिरणं त्या सकाळीच पुरं झालं होतं.

घरी आल्यावर जो तो विचारतो, एवढ्या दूर काय पाहिलं? मी आपली प्रवाळ, व्यापारी वारे, आफ्रिका सांगत सुटते. कासवांसाठी गेलो होतो, हे तर सांगतेच. परवा ओवीची मैत्रीण आली होती. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. ओवी आता कासवाचं काय काय सांगते म्हणून मी लाटणं थांबवून कान दिला.

"सगळ्यात भारी काय झालं सांगू?" ओवी म्हणाली. "आमचे बाबा इतके भेले होते ना, त्याइचे हात थरथर कापून राहिले होते. मले दिसून राहिलं होतं. तरी त्याइनं उडी मारली. माझ्यासाठी."

"अन् कासव?" मैत्रिणीनं विचारलं.

"हाव," ओवी म्हणाली, "कासवं पन होती."