फ्रीसलंड वेगळं करताना

माझे सासरे जिथे पोचतात तिथे आठवड्याभरात एखादा प्रांत फुटून निघायच्या बेतात येतो. नागपुरात त्यांनी उभी हयात वेगळ्या विदर्भावर वाद घातला. नातीला भेटायला नेदरलँड्समध्ये, हार्लेमला आले, तर आमचे शेजारी नेमके उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांताचे निघाले. हे म्हातारबुवा दाराशी आपल्या प्रांताचा झेंडा लावतात आणि "आमचा देश वेगळाच हवा" हे नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगतात. सासऱ्यांना तेवढं पुरलं.

सासरे भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. जन्मभर भावाभावांच्या वाटण्या मोजून त्यांचं ठाम मत झालंय, की शेत सुखाने वाटलं जातं, डोकी फुटतात ती विहिरीवरून. त्यामुळे शेजारी बागेतल्या बाकावर बसून भाषा, इतिहास, अस्मिता सांगू लागले, की सासरे आपल्या नागपुरी इंग्रजीत विचारत, "ते सारं ठीक आहे. पण समुद्राहून खाली असलेल्या या जमिनीतलं पाणी कोण उपसून राहिलं?" फ्रीसलंडला इकडच्या किनाऱ्याशी जोडणारा समुद्रातला तो लांबलचक बांध कुणाच्या नावावर चढवायचा? आगगाडी सीमेवर आली की ड्रायव्हर बदलायचा की इंजिन? अलीकडची गाय पलीकडे चरली तर? एकेका प्रश्नाला वहीत वेगळं पान. शेजारी रडकुंडीला येत, पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कॉफीचा थर्मास घेऊन हजर! बायको गेल्यापासून त्यांच्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं.

"बाबा, त्यांचं स्वातंत्र्य त्यांना मिळवू द्या ना," माझी बायको वैतागून म्हणाली.

"मी काय अडवून राहिलो का? मोजणी तर झाली पाहिजे!"

एकदा त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, "तुमच्या मिसेसची समाधी कुठे आहे?"

"इथेच, हार्लेमला. दर रविवारी सायकलवरून फुलं नेतो."

"मग देश झाल्यावर तुम्हाला इथे यायला व्हिसा लागेल."

शेजारी हसले. सासरे हसले नाहीत. नातीला बघायला त्यांनी कागदांची चळत जमवली होती, खेटे घातले होते, आणि एवढं करून मुक्काम नव्वद दिवसांचा. त्यातले नऊ उरले होते. घरात हा विषय कुणी काढत नव्हतं.

निघायच्या सकाळी त्यांनी वही शेजाऱ्यांच्या हातात ठेवली. सगळी पानं प्रश्नांची, उत्तर फक्त शेवटच्या पानावर: आपल्या माणसाला भेटायला येणाऱ्याला अडवू नये, आणि परत कधी जाणार हेही विचारू नये.

शेजाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "असा कायदा कुठल्या देशात आहे?"

"कुठेच नाही," नातीच्या मुठीतून आपलं बोट सोडवत सासरे म्हणाले, "म्हणून तर नवा देश काढून राहिलो."