बेंजोच्या गाडीवरची गिटार

तुम्ही वरातीत नाचत असताना तुमच्यापासून चार हातांवर एखादा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला, तर तुम्हाला ऐकू येईल का?

येणार नाही. हे मी रागानं म्हणते, पण माहितीनंही म्हणते. मी वरातीच्या गाडीवरच उभी होते, माझ्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार होती आणि ओरडणारे माझे मामा होते.

मामांची माजलगावात बेंजो पार्टी होती. टेम्पोवर भोंगे, ऑक्टोपॅड, कॅसिओ आणि मधोमध मांडीवर बेंजो घेतलेले मामा. उजव्या हातानं तार छेडायची, डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची. घर त्या डाव्या हातावर चालायचं. आमच्याकडची सगळी माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, मामा तेवढे जायचे नाहीत. मामी त्यांना विळीवर कांदासुद्धा चिरू द्यायची नाही. "बोट गेलं तर बेंजो मी वाजवू का?" म्हणायची.

माझं वाचन पत्रकांवर झालं. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत. घरात पुस्तक एकही नव्हतं, पण पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मी स्वतःच्या नावाआधी लिहायला शिकले. त्यामुळं बीडला क्लासला असताना मैत्रिणीच्या फोनवर एका परदेशी रॉक बँडचं गाणं ऐकलं, तेव्हा मला ते पत्रकच वाटलं. कुलूप लावलेल्या कारखान्याच्या गेटवर उभ्या राहिलेल्या माणसांचं गाणं. इंग्रजी अर्धं कळलं. गिटार पूर्ण कळली. ती गेटवर लाथा घालत होती.

मामांच्या शेडमध्ये एक इलेक्ट्रिक गिटार पडून होती. बीडकडची एक पार्टी मोडली, तेव्हा जुन्या अँप्लिफायरसोबत आली होती. शेड मोंढ्याच्या बाजारामागे, वर पत्रे. तिथं मी फोनवर व्हिडिओ बघून शिकू लागले आणि गिटारनं मला फोडून काढलं. बोटांना आधी फोड आले, मग ते फुटले, मग फुटलेल्यावर परत तार. अँप्लिफायरला अर्थिंग नव्हतं. ओठ भोंग्याच्या माईकला लागला की डोक्यात पांढरा लखलखाट व्हायचा. मामा म्हणायचे, "चप्पल घाल बे," आणि मग जीभ चावायचे, कारण भाचीला 'बे' म्हणायचं नसतं.

पहिली चूक आम्ही दोघांनी मिळून केली. फोनवरच्या पोरानं गिटार कशी लावायची ते सांगितलं होतं, पण मामांचा विश्वास फक्त बेंजोवर. बेंजो काळी दोनच्या पट्टीत लावलेला. "वरातीत सगळ्यांनी बेंजोच्या मागं यायचं," म्हणत त्यांनी गिटारच्या तारा पिळत पिळत त्या सुराला आणल्या. सर्वांत बारीक तार कडाडून तुटली आणि माझ्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात ओघळलं. मामांनी आधी माझा डोळा बघितला, मग तार बघितली आणि बेंजोची तार कापून त्या जागी ओढली.

"मामा, परत तुटंल."

"तुटू दे. डोळे मिटून वाजव."

आवाजावरून आमचं रोज भांडण व्हायचं. मी बटण शेवटपर्यंत फिरवायचे.

"आवाज फाटतोय की गं!"

"फाटायलाच पायजे मामा. गानंच तसलं हाय."

"जलमभर मी आवाज फाटू न्हाई म्हनून मेलो, आन् तू फाडायचं शिकायली!"

पण गाण्याची अडलेली जागा मामांनीच सोडवली. सुरुवातीच्या तुकड्यात एक ठोका गाळलेला होता आणि मी दर वेळी त्या खड्ड्यात पडायचे. मामांनी ते ऐकलं, बेंजो खाली ठेवला आणि पत्र्याच्या डब्यावर हलगीचे ठोके वाजवले. कडाड, कडाड, मग हात हवेत, मग कडाड. "हितं काडी उचलायची. माझा बाप हितंच उचलायचा." मी हलगीचे ते ठोके तोंडानं म्हणत तारा मारल्या आणि तुकडा जसाच्या तसा बसला.

मामांचे वडील गावच्या मालकांच्या दारात हलगी वाजवायचे. बोलावलं की जायचं, थांब म्हणेपर्यंत वाजवायचं, 'कावून', म्हणजे का, ते विचारायचं नाही. एकदा ताप आहे म्हणून गेले नाहीत, तर मालकांनी हलगी त्यांच्याच चुलीत घालून जाळली. मामा बेंजोकडं वळले ते त्यासाठी. ही आपली पार्टी, आपली गाडी. नको वाटलं तर नाही म्हणता येईल.

दिंद्रुडजवळच्या एका गावात वरात होती. मामा म्हणाले, "चल. शेवटी मानसं दमली की वाजव तुजं ते गेटवालं." मी गिटार घेऊन गाडीवर चढले. खालून एकजण ओरडला, "आरं, बेंजोसंगं नाचनारीबी आनली का?" बाकीचे हसले. मामांनी मान वर केली नाही. मी केली.

उन्हं कलताना वरातवाल्यांनी गाडी एका घरासमोर अडवली. त्या घरातल्या बाईनं नवरदेवाच्या चुलत्याविरुद्ध ठाण्यात तक्रार दिली होती. चुलता ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम. तिचा नवरा तोड अर्धी सोडून आला म्हणून त्यानं त्याला कोंडून मारहाण केली होती. नवरदेवाचा भाऊ टेम्पोच्या मागं आला आणि त्यानं गाणं सांगितलं. आडवं येणाऱ्याला तोडू, घरात घुसून तोडू, अशा अर्थाचं.

मामा खाली वाकून म्हणाले, "दादा, तेवढं सोडून कायबी सांगा. ह्या दारात न्हाई."

"वाजव बे."

"न्हाई जमायचं."

मामांनी उतरण्यासाठी डावा हात गाडीच्या मागच्या कडेवर ठेवला. त्या भावानं गाडीच्या मागं खाली सोडलेला लोखंडी फाळका उचलला आणि त्या हातावर आपटला. मग त्याला खांदा लावून कडी घातली.

कॅसिओवरचा ठेका आपोआप चालूच होता. मामांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज आला नाही.

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारांवर हात मारला. हा आवाज त्यांच्या थोबाडावर बसेल असं मला वाटलं. इतकं अचूक मी शेडमध्ये कधी वाजवलं नव्हतं. आणि ते नाचले. ज्यानं फाळका आपटला तोच सगळ्यात उंच उडाला. "एक नंबर! वाढव, वाढव!" कुणीतरी कमरेचं पिस्तूल काढून हवेत झाडलं, तेही ठेक्यात. गेटवर लाथा घालणारं माझं गाणं मुकादमाच्या पुतण्यानं पायाखाली घेतलं होतं आणि त्याच्याखाली मामा ओरडत होते.

मी गिटार टाकली. उडी मारून टेम्पोमागून येणाऱ्या हातगाड्यावरचा जनरेटर बंद केला.

गल्लीत एकच आवाज उरला. मामांचा. त्याला शब्द नव्हते. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले.

"कोनी बंद केलं बे?"

"मी."

त्या पुतण्यानं माझ्या कानाखाली मारली. तीही सगळ्यांनी ऐकली. परत हात उगारला, तेवढ्यात वरातीतलाच एक म्हातारा ओरडला, "आरं, त्या मानसाचा हात अडकलाय फाळक्यात! कडी काडा!" तो मघापासून तिथंच, गाडीला टेकून उभा होता. कडी काढायला मात्र ज्या दारासमोर गाडी अडवली होती त्या दारातली बाई आली. मामांचा हात तिनं तिच्या पदरात गुंडाळला. घोड्यावरचा नवरदेव कुणी काही बोलेल म्हणून वाट बघत होता.

मामांची दोन बोटं आता वाकत नाहीत. बेंजो माळ्यावर आहे. ठाण्यात आधी 'गाडीवरून पडला' असं लिहून घेत होते. मामा म्हणाले, "पडलो न्हाई. न्हाई म्हनलो म्हनून हातावर फाळका आपटला." साक्षीला तो म्हातारा आला, नवरदेवाकडचा असून आला. "आयकलं मी, आता न्हाई कसं म्हनू?" एवढंच बोलला. त्याच्याकडून मला जे कळलं ते कुठल्या पत्रकात नव्हतं. ठेका चालू असेपर्यंत गल्लीत साक्षीदार नसतो, गर्दी असते.

म्हणून तुम्हाला सांगते. वरातीची गाडी कुणाच्या दारासमोर अडवलेली दिसली आणि वाजवणारा मान हलवून नाही म्हणत असला, तर नाचणं सोडा. गाडीच्या मागं जा. जनरेटरवर बंद करायचं बटण असतं. ते दाबा. भांडायचं, विचारायचं, समजवायचं ते नंतर. आधी बटण दाबा.