रबराला मानवलं का?

अक्कांचा धुळ्याहून फोन आला, तेव्हा मी जळगावला आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये तेलाचे डबे मोजत होतो. “नाना गयात, भाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या. मोजणी चुकली. मी ती पहिल्यापासून सुरू केली... दुसरं काही सुचेना.

नाना आमचे फिटर, अक्का त्यांच्या पत्नी. कॉम्प्रेसरसाठी नवं सिंथेटिक तेल मी मागवलं, तेव्हा कागदावरचे सगळे आकडे जुळत होते. नाना म्हणाले, पंधरा दिवस थांबा, सीलची एक रबरी रिंग त्यात बुडवून ठेवतो. “डबावर बठ्ठं लिखेल शे, पण रबरले मानवस का ते लिखेल नही.” मी थांबलो नाही. अकराव्या दिवशी सील फुगून गळायला लागले, टाकीच्या आतला रंग सुटून फिल्टरमध्ये अडकला. नानांनी दोन दिवस मशीन उघडून साफ केलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “आकडा बराबर व्हतात, भाऊ. रबरनी वाचेल नव्हतात.” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर, नाना निवृत्त होऊन धुळ्याला गेल्यावरही, नव्या तेलाची बाटली आधी त्यांच्याकडे जायची.

पुढे नाना आजारी पडले, तेव्हा दवाखान्यात मी तेच केलं जे मला येतं. ताप, वजन, लघवीचं माप, सगळं वहीत लिहीत गेलो. औषध योग्यच आहे, पण त्यांच्या अंगाला मानवत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बदललं, तेही मानवलं नाही. वजन एकोणसाठवरून एक्कावन्नवर आलं. वही नानांना दाखवली, तर त्यांनी ती हळूच मिटली. “मना तुकडा बुडाईसन कोन देखी, भाऊ?” मी वही पिशवीत ठेवली.

परवा धुळ्याला नानांच्या घरी गेलो. खिडकीत काचेची बरणी होती, त्यात मीच पाठवलेलं तेल आणि तळाशी एक रिंग. बरणीवरच्या चिठ्ठीत नानांच्या अक्षरात पहिल्या दिवसाचं माप, २५.० मिलिमीटर. पंधराव्या दिवसाची जागा कोरी. पंधरा दिवस केव्हाच उलटले होते. अक्कांनी त्यांचं मोजायचं व्हर्नियर आणून दिलं. रिंग पुसून मी तीनदा मोजली. २५.०.

आकडा लिहिला. त्यापुढे ‘मानवलं’ हा शब्द नाना लिहायचे. ती जागा मी सोडली आणि रिंग परत तेलात ठेवली.