उजव्या हातातल्या सहा

गुरुवार, अकरा डिसेंबर. रुग्णालयाने दिलेला अंदाज, स्टेंट धरून, एक लाख पंच्याऐंशी हजार. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि पिंपळगाव बसवंतहून सकाळच्या एसटीने आलेली तिची थोरली बहीण.

बायकोला महिनाभर जिना चढताना दम लागत होता, जबडाही दुखायचा. ती त्याला पित्त म्हणायची. कार्डिओग्राम बघून डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. उजव्या मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, औषध सोडून चित्र घ्यायचं. अडथळा मोठा निघाला तर त्याच वाटेने फुगा नेऊन जागा करायची आणि तिथे जाळी बसवायची.

अडलं ते मनगटापाशीच. मार्गशीर्षाचे गुरुवार ती धरते, म्हणून नुकत्याच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. दोन्ही हातांत सहा-सहा, नेहमीसारख्या घट्ट. उजवा हात कामाचा, जाड. साबण लावला तरी बांगड्या हलेनात. मंगळसूत्र मात्र तिने स्वतःच काढून बहिणीकडे दिलं होतं. काढलेलं परत घालता येतं, एवढंच म्हणाली.

सिस्टर तरुण होती, सुरगाण्याकडची. तिने बायकोचा उजवा हात कापडात धरला. "काकू, फोडते हं."

बायकोने हात मागे ओढला. "फोडते काय गं? वाढवते म्हण."

"बांगडी फुटल्यावर वाढते कशी?" सिस्टर हसली.

"वाढती, न्हाय तर काय," मेहुणी म्हणाली. "हिचा नवरा हा काय, समोर उभा हाय, चष्मा लावून."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर आले. मांडीतूनही नळी घालता येते, पण तिथे रक्तस्रावाची भीती जास्त, माझं मत हाताचं, असं त्यांनी सांगितलं.

"मग मांडीतून करा," बायको म्हणाली.

"अगं, धोका जास्त आहे म्हणतायत."

"तो धोका माझा ना? हा तुमच्यावर येईल."

मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. काचेच्या बांगड्यांचा आणि माझ्या आयुष्याचा संबंध कुठल्या खात्यात टाकायचा, मला कळेना. तुझा जीव महत्त्वाचा, दहा रुपयांच्या बांगडीचं काय घेऊन बसलीस, असं काहीतरी मी बोलायला लागलो.

"दाजी," मेहुणीने मला अडवलं, "तिला भाव सांगू नका. बाहेर जा तुम्ही."

"हो, बाहेर जा," बायको म्हणाली. "तुमच्यासमोर नको." एवढ्या अटीवर ती तयार झाली. मेहुणीलाही तिने माझ्यासोबत बाहेर पाठवलं. "ह्यांच्याजवळ थांब," म्हणाली. जणू आत मला न्यायचं होतं.

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. मोजायचं ठरवलं नव्हतं, पण सवय. बराच वेळ काहीच नाही, नुसती कुजबुज. मग एक आवाज आला. मग दुसरा. असे पाच झाले. सहाव्याची मी वाट बघत राहिलो. पडदा सरकला आणि ट्रॉली बाहेर आली. तिचे दोन्ही हात चादरीखाली होते. ती माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तसं.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला काचेअलीकडच्या खोलीत बोलावलं. तिथल्या मॉनिटरवर राखाडी धुक्यात काळ्या फांद्या हलत होत्या. एक फांदी मधेच दोऱ्याएवढी झाली होती. "नव्वद टक्के," डॉक्टर म्हणाले. "जाळी बसवू?" मी हो म्हटलं. काचेपलीकडे ती जागी होती, छताकडे बघत, आणि माझ्यासमोर तिच्या आतली सावली धडधडत होती. तशी ती मला याआधी कधी दिसली नव्हती. दिसायला नको होती असं अजून वाटतं.

जाळी बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. जिना ती न थांबता चढली.

पण घरातला आवाज बदलला. ती पोळ्या लाटायची तेव्हा फक्त डाव्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. एका पायाने कुणी चालतंय असं वाटायचं. उजव्या हाताने ती मागून पाण्याचा पेला पुढे करायची आणि मी दचकायचो. एकदा दुपारी डोळा लागला होता, उघडला तर तिचा तळवा माझ्या नाकासमोर.

"काय गं?"

"डास होता."

तिच्या हट्टापायी माझ्याही तपासण्या झाल्या. सगळ्या नॉर्मल. तिने रिपोर्ट देवघरात ठेवला. "आजच्यापुरतं झालं," म्हणाली. मी हसलो. पण द्वारका चौकात रस्ता ओलांडताना आता मी तिष्ठत उभा राहतो. हॉटेलात कुठे पेला फुटला की मान आपोआप वळते. तो सहावा आवाज यायचा राहिला होता, आणि तो कुठून येईल ते मला माहीत नव्हतं. तिला मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या आधी आम्ही दहीपुलाजवळच्या कासाराकडे गेलो. कासारणीने मापासाठी तिचा डावा हात धरला. "ह्या हातात सात कशा हो, ताई?"

डावा हात मी कधी मोजलाच नव्हता.

"एक उजव्यातली आहे," बायको म्हणाली. "सिस्टरला म्हटलं, एक तरी अख्खी राहू दे. तिने सोनोग्राफीची जेली चोपडली आणि ओढून काढली. घामाघूम झाली पोरगी."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मग सगळ्याच तशा का नाही काढल्या."

मी तेच म्हणालो असतो.

"डॉक्टर खोळंबले होते," ती म्हणाली. "आणि एक राहिली तरी पुरेल का, ते तरी कुठे माहीत होतं?"

कासारणीने ती जुनी बांगडी आधी उजव्या हातात चढवली, मागून पाच नव्या. बायकोने तिला वाकून नमस्कार केला. उठताना दोन्ही हात वाजले, आणि मी नकळत आवाज मोजले.

रुग्णालयाला शेवटी एक लाख ब्याण्णव हजार चारशे दिले. कासारणीला पाच बांगड्यांचे पन्नास.