खोलीसह ट्रेलर

कुठलीही गाडी समोर आली की फोरमन आधी पोतं मागायचे. पोतं जमिनीवर अंथरायचं, टोपी काढून खिशात घालायची आणि गाडीखाली आडवं व्हायचं. तुम्ही-आम्ही गाडीचा रंग बघतो, दिवे बघतो, फार तर दार उघडून गादी दाबून बघतो. ते म्हणायचे, "गाडी वरून बघायची नसती, भाऊसाहेब. खालनं बघायची असती."

आमच्या संस्थेच्या चेअरमननी एकदा जुनीच, पण नवा रंग दिलेली जीप आणली. ऑफिससमोर नारळ फुटला, हार घातला, पेढे वाटून झाले. आम्ही पेढा खात उभे, आणि जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मागचा पाटा तडकलाय." चेअरमन हसले, पण हातातला पेढा त्यांनी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. आठवड्याभरात तो पाटा, गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंग, तुटला. तेव्हापासून संस्थेत काहीही घ्यायचं झालं की त्यांना विचारायची पद्धत पडली. विचारायची, एवढंच.

मी तेव्हा सोलापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाशीला एका सहकारी संस्थेत क्लार्क होतो. बहात्तरच्या दुष्काळानं आमचा भाग पोळून निघाला होता. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या तोंडी पाणी अडवायची भाषा आली. आमच्या संस्थेनं चेनवर चालणारं एक माती ढकलायचं मशीन घेतलं. बांध घालायचे, रानं सपाट करायची, पाझर तलावाची भिंत उचलायची, ही त्याची कामं. वजन नऊ टन. ते मशीन फोरमन चालवायचे. मस्टरवर हुद्दा 'चालक' असा होता, पण सगळा तालुका त्यांना फोरमन म्हणायचा.

फौजेत पंधरा वर्षं त्यांनी अवजड गाड्या चालवल्या होत्या. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. वडिलांनी छप्पन साली घरादारासकट धम्मदीक्षा घेतलेली. त्याबद्दल फोरमन आपणहून कधी काही बोलत नसत. पण मशीन घेऊन ज्या गावात जात, तिथले लोक मशीनच्या आधी तेवढं विचारून घेत.

एकदा मी डिझेलची पिंपं पोचवायला कामावर गेलो होतो. सरपंचांनी फोरमनच्या जोडीदाराला, म्हणजे मशीनवरच्या मदतनिसाला, शाळेच्या व्हरांड्यात जागा दिली होती आणि फोरमनना गावाबाहेरचा एक पडका गोठा दाखवला होता. पाण्याची घागरही जोडीदारानंच भरून आणायची. मी संतापलो, सरपंचांना बोलतो म्हणालो. फोरमननी मला थांबवलं. ते मशीनखाली पोतं पसरून झोपत होते. "हितं बरं हाय," ते म्हणाले. "मशीन कुणाला काय विचारत न्हाय." वर्षातले आठ-नऊ महिने ते असे काढत.

मशीन हलवणं हे आणखी एक दुखणं होतं. चेन डांबराच्या रस्त्यावर चालवता येत नाही. रस्ताही उखडतो, चेनही झिजते. मग फोरमन माळामाळानं, ओढ्याओढ्यानं मशीन न्यायचे. रस्ता ओलांडायचा तर आधी जुने टायर आडवे टाकायचे. दहा कोसांवरच्या कामाला पोचायला तीन दिवस लागत. शेवटी संचालक मंडळानं ठरवलं, की फौजेच्या लिलावात घेतलेल्या आपल्या डिस्पोजलच्या ट्रकमागं जोडायला एक ट्रेलर घ्यावा.

तेव्हा फोरमननी संस्थेकडं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ट्रेलरवर पुढच्या बाजूला एक लहान पत्र्याची खोली असावी. दोन माणसं आडवी होतील, स्टो पेटेल, पाण्याचं पिंप बसेल, एवढीच. बायकोलाही कामावर घेऊन जाता येईल. हे सांगताना ते माझ्या टेबलाच्या कडेवर बोटानं खोलीचा आकार काढत होते.

मी ठराव लिहिला. माझं अक्षर चांगलं, भाषाही बरी. "मशीन वाहून नेण्यास योग्य असा, चालकाच्या निवासाच्या खोलीसह ट्रेलर खरेदी करण्यास ही सभा मंजुरी देत आहे." चेअरमननी वाचून मान डोलावली, सभेत कुणी हरकत घेतली नाही. मला वाटलं, आयुष्यात एक तरी चांगलं वाक्य लिहिलं.

ट्रेलर बघायला आम्ही तिघं सोलापूरकडं गेलो, चेअरमन, फोरमन आणि मी. एका कारखानदाराच्या आवारात दोन ट्रेलर उभे होते. एक निळा. कुठल्या तरी ठेकेदारानं सर्व्हे करणाऱ्या माणसांसाठी बनवून घेतलेला आणि मग न नेलेला. त्याच्यावर निळ्या पत्र्याची खोली, खिडकीला जाळी, आत दोन फळ्यांचे पलंग, कंदिलासाठी खुंटी. दुसरा बाजूला गवतात पडलेला. सपाट, गंजलेला, जाड लोखंडाचा, दोन्ही अंगाला चार-चार चाकं. त्याच्यावर उन्हासाठी आडोसासुद्धा नव्हता.

फोरमन आधी निळ्या ट्रेलरच्या खोलीत शिरले. मी दारात उभा होतो. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. पलंगावर हात ठेवला. एक पाऊल पुढं, एक मागं असं चालून बघितलं. मग खाली उतरून त्यांनी पोतं मागितलं आणि चाकांच्या मध्ये आडवे झाले. त्या दिवशी त्यांना बाहेर यायला फार वेळ लागला.

बाहेर आल्यावर कपडे झटकत ते म्हणाले, "हा घेऊ नका, चेअरमनसाहेब."

"अरे, तुझ्यासाठीच तर बघतोय आपण," चेअरमन म्हणाले.

"व्हय. पर मशीन ह्येच्यावर टिकायचं न्हाय. एक्सल एकच हाय, पाटे हलके. खोलीनं म्होरची जागा खाल्ली, त्यामुळं मशीन चाकाच्या मागं बसतंय. चढाला हूक उचलंल, उताराला ट्रकला ढकलंल." त्यांनी गवताकडं बोट केलं. "त्यो घ्या. त्येच्यावर न्हाय खोली. पर त्यो वजन घिईल."

चेअरमन माणूस वाईट नव्हता. पण निळ्या ट्रेलरवर त्यांचा जीव बसला होता. जिल्ह्याचे साहेब येणार, उद्घाटन होणार. त्या दिवशी तो गंजका सांगाडा उभा करायचा की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरीही फोरमनचा शब्द त्यांना एकदम टाकवेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ठरावात काय लिहिलंय?"

मी ठराव वाचून दाखवला. चालकाच्या निवासाच्या खोलीसह.

"मग झालं तर," चेअरमन म्हणाले. "बिनखोलीचा घेतला तर ऑडिटवाला विचारंल, ठराव एक आन् खरेदी एक कशी? ठरावाबाहेर आपल्याला जाता येत न्हाय."

ठराव बदलता आला असता. आठ दिवसांनी सभा होतीच. तीन शब्द गाळून मी तो पुन्हा लिहू शकत होतो, आणि हे आम्हा तिघांत फक्त मला नेमकं ठाऊक होतं. पण चेअरमनांचं मन मला कळलं होतं, माझी नोकरी कच्ची होती. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. फोरमन माझ्याकडं क्षणभर बघत राहिले. मग पोतं उचलून ज्याचं त्याला परत द्यायला गेले.

निळा ट्रेलर वाशीला आला. हार-नारळ झाले. फोरमननी बायकोला आणलं आणि संसार त्या खोलीत मांडला. एका कामावर मी गेलो तेव्हा त्यांनी "या, घरी या," म्हणून मला वर घेतलं. वहिनींनी खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता, डबे ओळीनं मांडले होते. चहा देताना त्या म्हणाल्या, "कुणाला जागा मागाया लागत न्हाय, ह्ये लई झालं."  फोरमन पायरीवर बसून खाली पाट्यांकडं बघत होते.

दोन वर्षं तो ट्रेलर चालला, तो फक्त त्यांच्यामुळं. प्रत्येक चढाच्या आधी ते मशीन उतरवायचे, चढ चेनवर पार करायचे आणि वर गेल्यावर पुन्हा चढवायचे. उतारालाही तेच. बघणारे हसायचे. ट्रेलर असून मशीन पायीच चालतंय, म्हणायचे. ट्रकनं अर्ध्या दिवसात व्हायच्या प्रवासाला दोन दिवस लागत, पण मशीन शाबूत पोचे.

मग पुन्हा वाईट सालं आली. पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. ईट गावाच्या पलीकडं एका खेड्यात पाझर तलावाची भिंत दोन्ही बाजूंनी उभी राहिली होती आणि मध्ये ओढ्याच्या जागी खिंडार ठेवलेलं होतं. ते खिंडार पावसाआधी बुजवायचं होतं. मशीन वाशीजवळ दुसऱ्या कामावर. एवढ्यात वरून निरोप आला, की साहेब परवा तलाव बघायला येणार, त्या वेळी मशीन चालू दिसलं पाहिजे. चेअरमननी फोरमनना बोलावून सांगितलं, उद्याच्या उद्या मशीन पोचव. फोरमननी दोन दिवस मागितले. मध्ये घाट आहे, तिथं मशीन उतरवावं लागेल, म्हणाले. चेअरमननी फोन ठेवून दिल्यासारखं बोलणं तोडलं. एक दिवस म्हणजे एक दिवस.

दुपारी मी ऑफिसच्या मागं गेलो तर फोरमन ट्रेलरवर चढून खोलीचे बोल्ट कापत होते. वहिनी लिंबाखाली बसल्या होत्या. शेजारी डबे, अंथरूण, स्टो, पाण्याचं पिंप. घडी केलेला पडदा मांडीवर.

"फोरमन, हे काय करताय?" मी विचारलं.

"मशीन म्होरं घ्याया जागा करतोय. तोल तरी नीट बसंल." करवत थांबवून त्यांनी घाम पुसला. "एक्सलला मात्र इलाज न्हाय."

मी म्हणालो, चेअरमनना आणखी एकदा सांगून बघतो. ते म्हणाले, सांगा. मी गेलो. चेअरमन बाहेरगावी निघून गेले होते. परत आलो तोवर चार माणसांनी खोली उचलून कुंपणाला टेकवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घाटाच्या दुसऱ्या वळणावर, मशीन न उतरवता ट्रेलरवरून नेताना, एक्सल तुटला. मशीन कलंडलं, साखळदंड तोडून खाली दरीत गेलं. हुकाची पिन निसटली म्हणून ट्रक वाचला आणि ट्रकमधले फोरमन आणि जोडीदार वाचले. मी पोचलो तेव्हा फोरमन दरीच्या कडेला उभे होते. खाली मशीन उलटं पडलेलं, चेन सुटून खडकावर पसरलेली. फोरमन एकच वाक्य बोलले. "सात वर्षात त्येला ओरखडा येऊ दिला न्हवता."

मशीन वर काढायला महिना गेला, आणि वर आलं ते भंगारच. खिंडार उघडं राहिलं. त्या साली आमच्याकडं एकच मोठा पाऊस झाला. गावकरी भिंतीवर उभे राहून बघत होते म्हणे. सगळं पाणी खिंडारातून निघून गेलं. दिवाळीच्या आत अर्धं गाव साखर कारखान्यांकडं ऊस तोडायला गेलं.

चौकशी झाली. निष्कर्ष असा, की चालकानं परवानगीशिवाय ट्रेलरच्या बांधणीत फेरफार केला, खोली काढून टाकली, आणि त्यामुळं अपघात झाला. मसुदा लिहायला माझ्याकडंच आला. मी लिहीत असताना फोरमन सहीसाठी समोर बसले होते. माझी लेखणी थांबली. मी म्हणालो, "फोरमन, हे मला लिहवत नाही."

"लिवा," ते म्हणाले. "तुमी न्हाय लिवलं तर दुसरा लिवंल. त्येचं अक्षर वाचाया यायचं न्हाय."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. त्यांना कामावरून काढलं.

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. सात वर्षं मशीन चालवलं, घाटातल्या त्या दिवसाआधी एकही अपघात नाही, असा दाखला. तो असता तर दुसरीकडं मशीनवर काम मिळालं असतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी आज देतो, उद्या देतो केलं. फोरमन तीनदा आले. ऑफिससमोरच्या दगडी कट्ट्यावर सकाळपासून बसायचे, दुपारच्या एसटीनं परत जायचे. मी आतून बघायचो. चौथ्यांदा ते आले नाहीत.

मंडळ बदलायला सहा वर्षं गेली. नव्या चेअरमनांपुढं मी दाखल्याचा कागद ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. मी स्वतः शिक्का मारला आणि पुढच्या रविवारी एसटीनं त्यांच्या गावी गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत होती. तिनं सांगितलं, की मशीनवर कुणी घेतलं नाही, म्हणून ते सोलापूरकडं खडीच्या खाणीत दगड फोडायला गेले. तिथली धूळ छातीत बसली. दोन वर्षं खोकत होते. गेल्या उन्हाळ्यात गेले. वहिनी भावाकडं राहायला गेल्या, कुठल्या गावाला ते तिला नीट सांगता येईना.

"तुमचं काय काम व्हतं?" तिनं विचारलं.

मी दाखला आणलाय म्हणालो. तिला ते कळलं नाही. मग मी कागद उघडून वाचून दाखवला. सदर गृहस्थांनी संस्थेत सात वर्षे यंत्रचालक म्हणून काम केले असून त्यांचे काम अत्यंत प्रामाणिक व निर्दोष होते. म्हातारीनं सूप मांडीवर धरून शेवटपर्यंत ऐकलं. मी थांबलो तरी ती पुढं काही आहे का म्हणून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "ह्ये तर आमाला ठावंच व्हतं की."

मग तिनं आत जाऊन मला तांब्याभर पाणी आणून दिलं. परतीची एसटी चारला होती. मी कागद हातात घेऊन त्या ओट्यावर बसून राहिलो.